तेलदूषित भूमीचे शुद्धीकरण : उत्तरदायित्वाचा इतिहास आणि साकोलीची भूमी

साकोलीचा परिसर हा तलावांचा परिसर होय. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले येथील जलाशय पुढे मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. तलावाची पाळ दुरुस्त करणे आणि गाळ उपसणे ही कामे मालगुजार व गावकरी यांच्या परस्परसंबंधांतून होत असत. भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाच्या मालकीचे झाले. जुनी विषम व्यवस्था गेली, हे इष्टच झाले. परंतु तिच्याबरोबर देखभालीची घडीही मोडली आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. स्वामित्वाचे हस्तांतर कायद्याने एका दिवसात होते. कर्तव्याचे हस्तांतर तसे होत नाही, हा या इतिहासाचा बोध आहे. खनिज तेलाने दूषित झालेल्या भूमीच्या शुद्धीकरणाचा विचार करताना हाच प्रश्न अधिक बिकट स्वरूपात उभा राहतो. गाळ डोळ्यांना दिसतो, भूगर्भात मुरलेले तेल दिसत नाही.

जमिनीखालील टाकीतून किंवा नळातून गळालेले पेट्रोल मातीतून खाली झिरपते व पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते. पावसाळ्यात ही पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते. तिच्याबरोबर तेलही वरखाली होऊन मधल्या थरात माखले जाते. त्यातील बेंझीनसारखी द्रव्ये पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर दूर जातात. बेंझीन कर्करोगास कारण होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा सुचविली आहे. थोडीशी गळतीही पुष्कळ पाणी निकामी करू शकते, ते यामुळेच.

शुद्धीकरणाचा आरंभीचा मार्ग माती खणून अन्यत्र नेण्याचा व तरंगते तेल उपसून काढण्याचा होता. पहिल्याने दोष नाहीसा न होता केवळ स्थलांतरित होई; दुसऱ्याने मातीच्या कणांना चिकटलेले तेल मागेच राही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲम्बलर येथे नळातून पेट्रोल गळाले असता रिचर्ड रेमंड यांनी १९७२ च्या सुमारास निराळा प्रयोग केला. भूगर्भातील सूक्ष्मजंतूंना हवा व पोषक द्रव्ये पुरवून त्यांच्याकरवी उरलेल्या तेलाचे जागच्या जागी विघटन घडवून आणण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १९८० च्या कायद्याने त्या देशात दूषित स्थळांच्या सफाईचे दायित्व निश्चित करण्यात आले व १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. १९९० नंतर ‘सर्व काही काढा’ या आग्रहाची जागा ‘कोणाला, कोणत्या मार्गाने, किती धोका आहे ते ठरवून काढा’ या विचाराने घेतली. योजना हा शब्द या क्षेत्रात खऱ्या अर्थाने येथपासून रूढ झाला.

भारतात या विचाराला न्यायालयाने बळ दिले. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळे नासल्या होत्या. तेथील पाहणी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केली आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये, प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च सोसावा, असा निर्णय दिला. तथापि दूषित स्थळ ओळखावे कोणी आणि किती मुदतीत, याचे उत्तर बराच काळ संदिग्ध राहिले. जुलै २०२५ च्या केंद्रीय नियमांनी संशयित स्थळांची नोंद स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांच्याकडे सोपविली असून प्राथमिक तपासणीस नव्वद दिवसांची मर्यादा घातली आहे. कर्तव्याला आता नाव मिळाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

साकोलीच्या संदर्भात या नावाला विशेष महत्त्व आहे. नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. तेलाची साठवण व वाहतूक ही अशा गावाची नित्याची बाब असते. भूमी मात्र निराळी आहे. भूशास्त्रात साकोलीच्याच नावाने ओळखला जाणारा प्राचीन रूपांतरित खडकांचा समूह या परिसरात पसरलेला आहे. अशा कठीण खडकात पाणी सलग थरातून न वाहता भेगांतून वाहते. वाळूच्या प्रदेशात दूषित पाण्याची दिशा काही विंधनछिद्रांवरून अजमावता येते. येथे जवळची विहीर स्वच्छ राहून दूरची नासण्याचा संभव असतो. त्यातच शेतीसाठी चालणाऱ्या उपशाने भेगांतील प्रवाहाची दिशा पालटू शकते. हवा आणि पोषक द्रव्ये भेगांत सर्वत्र पोहोचविणे दुष्कर असल्याने ॲम्बलरची पद्धती येथे जशीच्या तशी उचलता यावयाची नाही.

म्हणून येथील योजनेचा क्रमच निराळा असावयास हवा. गळती थांबवून तरंगते तेल काढणे हे सर्वत्र प्रथमच येते. परंतु त्याही आधीचे काम आहे ते विहिरींची गणना, पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या पातळीची नोंद आणि निर्दोष पाण्याची तपासणी यांचे. पूर्वीचे पाणी कसे होते हे ज्ञात नसेल, तर बिघाड किती झाला हे सिद्ध होत नाही. बिघाड सिद्ध झाला नाही, तर दायित्व कोणावरही येत नाही. मालगुजारी तलावांच्या बाबतीत कर्तव्य निराधार झाल्यानंतर त्याचा शोध सुरू झाला. भूजलाच्या बाबतीत तो आधीच घेता येण्याजोगा आहे, आणि त्याचा आरंभ गावच्या विहिरींच्या नोंदवहीपासून व्हावयास हवा.