जुन्या गाडीचे इंजिन आणि पेट्रोलमधील शिसे

१९६४ साली अमेरिकेत पाँटिॲक कंपनीची ‘जीटीओ’ ही गाडी आली. मध्यम आकाराची गाडी, पण इंजिन मात्र सुमारे ६.४ लिटरचे! अशा गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आज अशी जुनी गाडी जपणाऱ्याला तिची ताकद वाढवायची असेल, तर सुरुवात कोठून करावी? मोठा कार्बुरेटर बसवावा की नवा कॅमशाफ्ट?

थोडा इतिहास पाहू. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये जितके जास्त दाबावे, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. जीटीओमध्ये हे प्रमाण १०.७५ : १ होते. पण फार दाबल्यास मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो आणि इंजिनात ठकठक होते. १९२१ साली टॉमस मिजली यांना त्यावर उपाय सापडला. तो म्हणजे टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग.

या शिशाचा आणखी एक उपयोग होई. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो, त्या ‘सीट’वर त्याचा पातळ थर बसे आणि झीज टळे. मात्र हेच शिसे धुरावाटे मुलांच्या शरीरात जाऊन मेंदूच्या वाढीला अपाय करी. म्हणून रस्त्यावरील गाड्यांसाठी असे पेट्रोल अमेरिकेत १९९६ साली, तर भारतात २००० साली बंद झाले.

तेव्हा जुने इंजिन जोरात चालवायचे असेल, तर आधी कठीण मिश्रधातूच्या सीट बसवाव्यात आणि मिश्रण दाबण्याचे प्रमाण आजच्या पेट्रोलला झेपेल इतके ठेवावे. कार्बुरेटर आणि कॅमशाफ्टचा विचार त्यानंतर. मुलांच्या आरोग्यापुढे एवढा खर्च किरकोळच नाही का?