मिरज यार्ड : तीन गेज आणि मालवाहतूक

मिरज जंक्शनच्या मालवाहतुकीचा इतिहास हा मुख्यतः दोन रुळांमधील अंतराचा इतिहास आहे. पुण्याकडून येणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग मीटरगेज होता. १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर संस्थानचा फाटाही त्याच मापाचा असल्याने वाघिणी सरळ पुढे जात. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेस पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे मात्र अडीच फुटी नॅरोगेज होती. परिणामी लातूर-पंढरपूरकडील माल मिरजेच्या यार्डात उतरवून, हमालांकरवी दुसऱ्या वाघिणींत भरणे अपरिहार्य झाले. १९७१ मध्ये पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि एकाच स्थानकात तिन्ही मापे नांदू लागली. रेल्वेच्या अभ्यासकांना याचे अप्रूप. व्यापाऱ्याच्या हिशेबी मात्र ती हमाली, तूट आणि विलंबच.

लोंढ्याकडील मीटरगेज १९९० च्या दशकात, तर पंढरपूरकडील नॅरोगेज २०१० च्या सुमारास ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित झाली. या रूपांतराचे मोल एप्रिल २०१६ मध्ये प्रत्ययास आले. दुष्काळग्रस्त लातूरसाठी मिरजेहून निघालेल्या पहिल्या पाणीगाडीस १० टाकी-वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. धान्याची पोती एका गाडीतून दुसरीत पाठीवरून नेता येत असत. पाणी तसे नेता आले नसते.