तोच शब्द पुन्हा आला, तर बिघडलं काय?

उल्हासनगर कॅम्प ५ मधून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज विषय शाळेतला आहे, पण गोष्ट पैशाची आहे. शाळेत निबंध लिहिताना बाई सांगायच्या, एका वाक्यात एकच शब्द दोनदा आणू नका, वाचायला बरं दिसत नाही. हे आमच्या डोक्यात इतकं बसलं, की एकदा त्यापायी एका बाईचं कर्ज अडलं.

झालं असं. आमच्या गटात दोन जावा आहेत. दोघी घरी बसून जीन्सचे धागे कापतात. एका बैठकीत दोघींनी कर्जाचे हप्ते भरले. सचिव ताईंनी इतिवृत्तात लिहिलं, "थोरल्या जाऊबाईंनी ५०० रुपये हप्ता भरला, धाकट्या जाऊबाईंनी ५०० रुपये हप्ता भरला." वही बघायला आलेल्या एका शिकलेल्या पाहुण्यांनी ते खोडलं. म्हणाले, "तेच तेच काय लिहिता?" आणि वर लिहिलं, "दोघी जावांनी ५०० रुपये हप्ता भरला." वाक्य छान आटोपशीर झालं. आम्हालाही आवडलं.

खतावणी लिहिणारीनं ते वाचून एकच हप्ता धरला आणि थोरलीच्या नावावर टाकला. वर्षअखेरीला पेटीत ५०० रुपये जास्त निघाले, पण ते कोणाचे, हे कागद सांगेना. धाकटीचं नाव थकबाकीत लागलं होतं. तिला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं, ते थांबलं. जावा-जावांचं बोलणं बंद झालं ते वेगळंच.

तेव्हा आमच्या मनात आलं, शब्द पुन्हा येणं हा दोष, असं मुळात ठरवलं कोणी? गटात दोघी-तिघी बीए झालेल्या आहेत. जुनी पुस्तकं काढली.

नियम खरंच जुना आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचे पंडित होऊन गेले. 'काव्यप्रकाश' या संस्कृत ग्रंथात त्यांनी वाक्याच्या दोषांची यादी दिली आहे. त्यात एक दोष आहे 'कथितपद', म्हणजे एकदा सांगितलेला शब्द कारण नसताना पुन्हा वापरणं. पण मम्मट तिथे थांबत नाहीत. हाच दोष कुठे गुण होतो, तेही ते सांगतात. आधी सांगितलेली गोष्ट पुढचं सांगण्यासाठी परत हातात घ्यायची असेल, तर तोच शब्द आलेला चांगला. आपल्यापर्यंत नियमाचा अर्धाच भाग आला, दुसरा वाटेतच राहिला.

आता आपल्या मराठीकडे या. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती आहे. तिच्या पायाशी मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी एक आहे. मूर्ती चावुंडरायानं करवली. भोवतालचा आवार त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी गंगराजानं करवला. लेखात 'करवियलें' हा शब्द दोनदा आहे, एकदा चावुंडरायाच्या नावापुढे, एकदा गंगराजाच्या. दगडावर एकेक अक्षर छिन्नीनं काढायचं म्हणजे घाम गाळणं. 'दोघांनी करविलं' म्हणून काम उरकता आलं असतं. पण मग मूर्ती कोणाची आणि आवार कोणाचा, हे आपल्याला कसं कळलं असतं? आमच्या सचिव ताईंचं वाक्यही त्याच धाटणीचं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याच्या सुरुवातीच्या ओळी अनेकींना पाठ असतील. विद्या नाही म्हणून मती, मती नाही म्हणून नीती, मग गती, मग वित्त, अशी ती साखळी. 'गेली', 'गेले' चारदा येतं. एका ओळीत जे गेलं, तेच पुढच्या ओळीच्या तोंडाशी उभं राहतं. मम्मटांनी सांगितलेली सूट ती हीच. असूड लोकांना वाचूनही दाखवला जात होता, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला होता. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. त्याच्यासाठी तोच शब्द परत यावा लागतो, नाहीतर साखळी तुटते.

आणि आमचं गाव? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिच्या बराकींत राहिली, १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक, कॅम्प दोन, करत कॅम्प पाच. शब्द पाचदा आला म्हणून कुणी मधेच 'तळ' किंवा 'छावणी' असं बदललं असतं, तर रिक्षावाल्यानं आम्हाला घरी आणून सोडलं असतं का?

याचा अर्थ कसंही लिहावं असा नाही. "गटाच्या महिलांनी गटाच्या बैठकीत गटाच्या कामाची चर्चा केली," हे आमचंच जुनं वाक्य. यातले दोन 'गट' काढले तरी कोणाचं काही जात नाही. म्हणून आम्ही एक साधी परीक्षा ठेवली आहे. शब्द काढून बघायचा. माणूस, रक्कम किंवा तारीख हलली, तर तो शब्द परत जागेवर ठेवायचा. काही हलत नसेल, तर खुशाल काढायचा.

जावांचं काय झालं? पाहुण्यांनी वाक्य एकाच रेघेनं खोडलं होतं. रेघेखालची अक्षरं अजून दिसत होती. सचिव ताईंनी भर बैठकीत ते मोठ्यानं वाचलं: थोरल्या जाऊबाईंनी ५०० रुपये हप्ता भरला, धाकट्या जाऊबाईंनी ५०० रुपये हप्ता भरला. थोरली म्हणाली, "हो, आम्ही दोघी एकदमच आलो होतो." त्याच बैठकीत थकबाकीतलं नाव निघालं आणि मशीनचं कर्ज मंजूर झालं.

तेव्हापासून आमच्या वहीत दोघींचे हप्ते दोन वाक्यांत लिहिले जातात. तुमचीही वही आज एकदा उघडून बघा. 'दोघींनी', 'सर्वांनी' असं कुठे लिहिलं असेल, तर तिथे कोणी किती भरले, ते विचारून घ्या.