अणुविज्ञानाच्या संस्था आणि गोगीचे युरेनियम

अणुकेंद्रीय भौतिकीचे संशोधन प्रामुख्याने शासकीय प्रयोगशाळांत चालते; ते महाविद्यालयांपर्यंत नेण्याचे काम विज्ञानसंस्था करतात. ‘फिजिक्स न्यूज’ हे नियतकालिक काढणारा भारतीय भौतिकी संघ त्यांपैकी एक. तुर्भे येथील ‘इयान्कास’ ही अणुरसायनशास्त्रज्ञांची संघटना १९८१ पासून कार्यरत असून प्राध्यापकांसाठी कार्यशाळा भरवते, महाविद्यालयांना गायगर-म्युलर गणकयंत्रे देते. निसर्गातही सर्वत्र किरणोत्सार असतो, हे अशा यंत्रावर विद्यार्थी स्वतः मोजून पाहू शकतो. बीदर-कलबुर्गी सीमाभागात या मोजणीला विशेष अर्थ आहे. पूर्वी कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या, आता यादगीरमधील गोगी येथे युरेनियमचा साठा सापडला असून प्रस्तावित खाणीला ग्रामस्थांनी विरोध केला. तेथील विहिरींच्या पाण्याविषयीचा प्रश्न केवळ व्याख्यानांनी मिटणारा नाही. नोंदी हव्यात, आणि त्या कन्नड, उर्दू, मराठीतून वाचता यायला हव्यात.