गोचिडाच्या पोटातला इतिहास

उर्दूत ज्याला चिचडी म्हणतात, तोच मराठीतला गोचीड. गुराच्या कानामागे चिकटलेला हा जीव आपण चिमटीत धरून काढतो आणि विसरून जातो. पण इतिहास फक्त ताम्रपटांत आणि फर्मानांत नसतो. कधी तो या जिवाच्या पोटातही सापडतो.

1975 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम गावच्या पॉली मरे या आईने आरोग्य खात्याला कळवले, की परिसरातल्या अनेक मुलांचे सांधे सुजत आहेत. त्याआधी डॉक्टरांनी तिचे म्हणणे फारसे मनावर घेतले नव्हते. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टिअर यांनी चौकशी केली, तेव्हा लाइम आणि शेजारच्या गावांत 39 मुले व 12 प्रौढ असे रुग्ण आढळले. संशय गोचिडांवर गेला, पण जंतू सापडेना.

1981 मध्ये न्यूयॉर्कच्या शेल्टर बेटावरचे गोचीड मोंटानातल्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर यांच्याकडे आले. ते शोधत होते दुसऱ्याच तापाचे जंतू. आतड्यांत मात्र त्यांना नागमोडी जीवाणू दिसले. तरुणपणी बाझलमध्ये त्यांनी अशाच जीवाणूंचा अभ्यास केला होता, म्हणून ओळख पटली. पुढे त्या जीवाणूला त्यांचेच नाव मिळाले.

तेव्हापासून पाहणीची रीत साधी आहे. पांढरे कापड गवता-झुडपांवरून ओढायचे, चिकटलेले गोचीड मोजायचे आणि त्यांतले किती बाधित आहेत ते तपासायचे. दोन्ही आकडे हवेत. अंड्यातून निघालेला गोचीड बहुधा निर्दोष असतो. जंतू त्याला उंदरांसारख्या प्राण्यांच्या रक्तातून मिळतो. म्हणून नुसती गोचिडांची गर्दी म्हणजे धोका नव्हे.

1990 मध्ये संशोधकांनी संग्रहालयातले, 1940 च्या दशकात लाँग आयलंडवर पकडलेले गोचीड तपासले. त्यांतही या जीवाणूचा डीएनए निघाला. रोगाला नाव मिळण्यापूर्वीच रोग तिथे होता.

आपल्या सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडांतूनच पसरतो. फक्त त्याचे कारण जीवाणू नसून विषाणू आहे. तिथेही रानात असेच कापड ओढावे लागते. पण लाइमचा धडा त्याच्या आधीचा आहे. गोचीड बोलत नाही, जुने कागदही गप्प असतात. आई मात्र बोलत होती. कापड पसरण्याआधी तिचे ऐकून घेतले असते, तर काही मुलांचे दुखणे लवकर कळले असते.