मोटारसायकलच्या इंजिन तेलाची पातळी

मोटारसायकलच्या इंजिन तेलाची पातळी म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेल्या वंगण तेलाची उंची होय. ही पातळी किमान व कमाल अशा दोन खुणांच्या दरम्यान असावी लागते. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटर तेल असते. ३५० सीसीच्या गाड्यांत ते दोन लिटरहून अधिक असते. अनेक लहान गाड्यांत तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा नसतो. त्यामुळे ते वेळीच कळण्यासाठी चालकाने स्वतः पातळी तपासणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

टू-स्ट्रोक इंजिनात वंगण तेल पेट्रोलबरोबर जळते. १९७२ पासून बाजारात आलेल्या बजाज चेतक स्कूटरमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. त्यामुळे तेल घालणे हा पेट्रोल भरण्याचाच भाग होता. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० नंतर भारतात फोर-स्ट्रोक मोटारसायकलींचा प्रसार झाला. या इंजिनांत तेल तळाशी साठवून पंपाने फिरवले जाते. बहुतेक गाड्यांत तेच तेल क्लच व गिअरबॉक्सलाही वंगण पुरवते आणि इंजिनातील उष्णता वाहून नेते.

पुणे जिल्ह्यातील देहू हे गाव दुचाकी उद्योगाच्या दोन केंद्रांजवळ आहे. दक्षिणेस आकुर्डी असून तेथे चेतक तयार होत असे. ईशान्येस चाकण असून तेथील बजाज ऑटोच्या कारखान्यात पल्सर व केटीएमच्या मोटारसायकली तयार होतात. आकुर्डी येथे २०२२ मध्ये विद्युत चेतकच्या निर्मितीचा प्रकल्प सुरू झाला. विद्युत स्कूटरला इंजिन तेल लागत नाही.

तपासण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी. डबल स्टँड नसल्यास दुसऱ्या व्यक्तीने ती सरळ उभी धरावी.
२. इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवून बंद करावे आणि तेल खाली उतरण्यासाठी दोन ते तीन मिनिटे थांबावे.
३. काच असलेल्या गाडीत तेलाची रेषा दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे पाहावे.
४. डिपस्टिक असल्यास ती काढून स्वच्छ कापडाने पुसावी, पुन्हा आत घालावी व बाहेर काढून तेलाची खूण पाहावी. काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, तर काहींत पूर्ण फिरवून बसवायची असते. याबाबत गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेतील सूचना पाळावी.

साइड स्टँडवर पाहिलेली पातळी चुकीची असते. गाडी डावीकडे कलल्याने तेलही डावीकडे सरकते. बहुतेक गाड्यांत डिपस्टिक अथवा काच उजव्या बाजूस असल्याने पातळी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते व गरज नसताना तेल भरले जाते.

पातळी कमी होण्याची कारणे

झिजलेल्या पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल ज्वलनकक्षात शिरून जळते. अशा वेळी सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. ऑइल सील, गॅस्केट व ड्रेन बोल्ट यांतूनही गळती होते. जुन्या इंजिनात तेल हळूहळू घटत असल्याने ते सहज लक्षात येत नाही. उदाहरणार्थ, देहूहून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या चालकाचे जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर होत असल्यास २५ दिवसांत १,००० किलोमीटर होतात. इंजिन दर १,००० किलोमीटरला १०० मिलिलिटर तेल जाळत असेल, तर पाच महिन्यांत अर्धा लिटर, म्हणजे लहान गाडीतील जवळपास निम्मे तेल संपते. केवळ सर्व्हिसिंगच्या वेळी पातळी पाहणे त्यामुळे पुरेसे नसते. अशा वापरात दर पंधरवड्याला ती तपासणे हितावह असते.

परिणाम

तेल अपुरे असल्यास कॅमशाफ्ट, पिस्टन व क्रँकच्या बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नाही. बोअरवर ओरखडे पडतात आणि शेवटी इंजिन जाम होते. धावत्या गाडीचे इंजिन जाम झाल्यास मागचे चाक अडकून अपघात होऊ शकतो.

तेल जास्त झाल्यास फिरत्या भागांमुळे ते घुसळले जाऊन फेसाळते. फेसातील हवेमुळे वंगण अपुरे पडते; जादा तेल एअर फिल्टरपर्यंत पोहोचू शकते आणि ऑइल सील गळू लागतात. तेल दुधाळ दिसत असल्यास त्यात पाणी मिसळलेले असते. पुरात बुडालेली गाडी तेल तपासून बदलल्याशिवाय सुरू करू नये.

तेल भरणे व बदलणे

पातळी कमी असल्यास ५० ते १०० मिलिलिटर तेल भरून थोडे थांबावे व पुन्हा तपासावे. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० यांसारखी श्रेणी माहितीपुस्तिकेप्रमाणे निवडावी. क्लच तेलात बुडालेला असणाऱ्या गाड्यांसाठी जासो एमए किंवा एमए२ दर्जाचे तेल वापरतात. मोटारकारच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे असा क्लच घसरू शकतो.

पातळी योग्य असली तरी तेलाचे गुण कालांतराने कमी होतात. त्यामुळे ठरलेल्या किलोमीटरनंतर किंवा मुदतीनंतर ते बदलावे लागते. ड्रेन बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्यास ॲल्युमिनियमच्या आवरणातील आटे खराब होतात.

वापरलेले तेल

गॅरेजमध्ये ‘जळके ऑइल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वापरलेल्या तेलात धातूंचे कण व हानिकारक संयुगे असतात. भारतातील २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार त्याची गणना घातक कचऱ्यात होते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जाणे अपेक्षित आहे. उघड्या गटारात ओतलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर नदीनाल्यांत जाते. देहू व आळंदी ही दोन्ही तीर्थक्षेत्रे इंद्रायणीच्या काठी असून तेथे भाविक नदीत स्नान करतात. घरी तेल बदलल्यास ते झाकणबंद डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.