ब्यूलीच्या जुन्या बाजारात

पाटीवरची अक्षरं फ्रेंच वळणाची आहेत, म्हणून तुम्ही मोठ्या ऐटीत 'बोल्यू' म्हणता. बसवाल्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. शेवटी मागच्या सीटवरची बाई तुमची कीव करते: "ब्यूली, डिअर. ब्यूली."

साल 1967. दक्षिण इंग्लंडमधल्या या गावात लॉर्ड माँटेग्यूंनी 1952 मध्ये आपल्या वाड्याच्या पुढच्या दालनात पाच जुन्या गाड्या मांडून संग्रहालय सुरू केलं. यंदा तिथे पहिल्यांदाच सुट्या भागांचा बाजार भरलाय, त्याला नाव दिलंय ऑटोजंबल. पुण्याचा जुना बाजार पाहिला असेल तर तुम्ही इथे बुजणार नाही. ताडपत्रीवर मॅग्नेटो, पितळी दिवे, भोंग्यांचे रबरी फुगे आणि कुठल्या गाडीचा हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेला एखादा दांडा. व्यवहार अजून पौंड-शिलिंग-पेन्सांत चालतो, दशमान नाणी यायला चार वर्षं आहेत.

कान उघडे ठेवा. पहिल्या ताडपत्रीवरचा लंडनकर 'काः' म्हणतो, शेवटी स्वच्छ विसर्ग. शेजारचा लँकेशायरचा म्हातारा 'कार्र' म्हणतो आणि तो र तोंडात चांगला घोळवतो. दोघांना एकमेकांचं बोलणं गावंढळ वाटतं, फक्त लंडनकराला ते उघड दाखवायची सोय आहे. इंग्लंडमध्ये उच्चारावरून माणसाची शाळा आणि बापाचा धंदा ओळखायची खोड आहे. आपण आडनाव ऐकून जे करतो, तेच. सुटाबुटातला एक गृहस्थ लँकेशायरवाल्याकडून कार्ब्युरेटर घेताना मुद्दाम सावकाश बोलतो. म्हातारा त्याला तितक्याच सावकाश दोन शिलिंग जास्त लावतो.

पुढे ब्रिस्टलचा विक्रेता. तो तुम्हाला "मा लव्हर" म्हणून हाक मारेल. दचकू नका, तिकडे परक्यालाही असंच हाकारतात. त्याच्याकडे 'लगाँडल'चा दिवा आहे. गाडीचं नाव लगाँडा, पण अस्सल ब्रिस्टलकर 'आ'वर संपणाऱ्या शब्दाला ल जोडतो. खुद्द त्याच्या शहराच्या नावातला शेवटचा ल असाच चिकटलेला, मूळ नाव 'ब्रिगस्टो'च्या जवळपासचं. आणि ज्या लगाँडाच्या इंग्रजपणावर ही मंडळी जीव टाकतात, ती स्टेन्समध्ये उभी केली विल्बर गन नावाच्या अमेरिकनाने. नाव आलं त्याच्या ओहायोमधल्या एका ओढ्यावरून.

अमेरिकनाचं नाव काढावं आणि तो हजर व्हावा! हवाई तळावरचा तरुण आहे. ॲबिंग्डनला 1945 ते 1949 दरम्यान बनलेली एमजी टीसी त्याने घेतली आहे. स्टिअरिंग उजवीकडे, तरीही हिच्यासाठी अमेरिकन वेडे झाले. त्याला 'हूड' हवंय. विक्रेता घडी केलेलं कापडी छप्पर पुढे करतो, कारण इंग्लंडात हूड म्हणजे तेच. पोराला हवंय बॉनेट. खाणाखुणांवर प्रकरण मिटतं. मग तो जाता जाता विचारतो, "जॅग्वारचं काही आहे?" आणि तीन ताडपत्र्यांवरून एकदम दुरुस्ती येते: "जॅग्यूअर!"

या भांडणाचा निवाडा करायला ऑक्टोबर 1948 मध्ये जा. लंडनचं अर्ल्स कोर्ट, मोटार प्रदर्शन, एक्सके 120 भोवती ही गर्दी. तीन वर्षांपूर्वीपर्यंत कंपनीच्या नावात 'एसएस' होतं. युद्धानंतर ती अक्षरं कोणाला हवी असणार? विल्यम लायन्स यांनी मग 'जॅग्वार' ठेवलं. सरकार पोलाद देतंय ते निर्यात करणाऱ्याला, त्यामुळे या गाड्या बहुतेक समुद्रापारच जाणार, आणि डॉलरवाल्या गिऱ्हाइकाचा उच्चार कोणी दुरुस्त करत नसतं. शिवाय शब्द मुळात दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला. तेव्हा इंग्रजांनी फार ताठू नये, असं माझं मत.

पण सगळेच उच्चार असे नुसते बोलणाऱ्याचा पत्ता सांगणारे नसतात. काही गाडीचा पत्ता सांगतात. ब्यूलीत परत या आणि टॅल्बटचा बिल्ला मागा. विक्रेता लगेच विचारतो, "टॉल्बट की ताल्बो?" हा नखरा नव्हे. 1903 मध्ये श्रूजबरी आणि टॉल्बटच्या अर्लने फ्रेंच क्लेमाँ गाड्यांच्या जोरावर लंडनमध्ये धंदा मांडला, ती टॉल्बट. पुढे कंपन्या एकत्र झाल्या आणि पॅरिसजवळ सुरेनच्या कारखान्यातूनही त्याच नावाच्या गाड्या निघू लागल्या. 1935 मध्ये संसार मोडला. लंडनचा वाटा रूट्स बंधूंकडे गेला, सुरेनचा अँतोनियो लागोकडे, आणि 1950 ची ल मॉंची शर्यत जिंकली ती ही ताल्बो. लिहिताना अक्षरं एकच. ट मुका ठेवलात तर फ्रेंच बिल्ला हातात पडेल.

तीच गत डेमलरची. 'डाइमलर' म्हणालात तर समोरचा जर्मनीतल्या गाडीचं बोलेल, 'डेमलर' म्हणालात तर कॉव्हेंट्रीच्या. फाटा फुटला 1896 मध्ये. त्या वर्षीच्या 14 नोव्हेंबरला लंडनच्या एका हॉटेलात जा. वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 झाली म्हणून नाश्त्याच्या टेबलावर अर्ल ऑफ विंचिल्सी लाल निशाण फाडतायत. बाहेर गाड्या ब्रायटनला निघायच्या तयारीत फटफटतायत, आणि जर्मन हक्क घेऊन उभ्या राहिलेल्या कंपनीचं नाव बघे आपापल्या परीने उच्चारतायत.

दिवसभर सगळ्यांनी तुमची जीभ सुधारली. आता 1904 मधल्या वेल्सला चला. गावाचं नाव लानेली. गावकऱ्यांसारखं म्हणायचं तर जीभ टाळ्याला लावून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची, आणि तुम्हाला ते जमणार नाही. स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी आऱ्यांशिवायची एक जादा धाव बनवली आहे, वर हवा भरलेला टायर चढवलेली. टायर बसला की ती चाकाच्या बाजूला आवळायची आणि निघायचं. गाडीबरोबर जादा चाक देण्याची पद्धतच अजून नाही. दुकानातला माणूस वेल्श हेलात काही विचारतो, तुम्हाला अक्षर कळत नाही. तुम्ही बोट दाखवून म्हणता, "स्टेपनी."

"स्टेपनी," तो मान डोलावतो आणि किंमत सांगायला लागतो.